सातव्या डबीचं अंतर

१

रोह्याला जाणारी सकाळची गाडी कासूहून सुटली की मनस्वी मांडीवर लॅपटॉप उघडायची आणि नागोठणं येईपर्यंत आदल्या दिवसाचा निकाल लावून मोकळी व्हायची. निकाल रोज एकच असायचा. फरक शून्य. तरी ती रोज बघायची, कारण बघायला तिला आवडायचं.

तो निकाल देणारी ‘पारख’ तिने स्वतः लिहिली होती. पेणच्या रामवाडीतल्या भाड्याच्या खोलीत, नोकरी नसतानाच्या आठ महिन्यांत. नेटवर्कवरून जे काही जातं ते पॅकेटांमधून जातं. मनस्वी घरी समजावताना पाकीटच म्हणायची. वर पाठवणाऱ्याचा नंबर, घेणाऱ्याचा नंबर, आत मजकूर. दुसऱ्या प्रोग्रॅमरांनी आपल्या कामात जोडून घ्यावी अशी ही छोटी लायब्ररी दोनच गोष्टी करायची. पाकीट फोडून आतला मजकूर माणसाला वाचता येईल असा मांडायची, आणि पाकिटांचे दोन ढीग शेजारी ठेवून कुठलं कमी, कुठलं जास्त, कुठे अक्षराचा फरक, ते सांगायची. फुकट होती. पोर्तुगालमधल्या कुणा माणसाने तिला लिहिलं होतं, ‘तीन आठवडे आम्ही डोकं फोडत होतो, तुमच्या पारखने अकरा मिनिटांत चूक दाखवली.’ ते पत्र मनस्वीने मराठीत करून वडिलांना, हिरामणला, वाचून दाखवलं. हिरामणने ते निदान चाळीस जणांना सांगितलं, आणि दर वेळी अकरा मिनिटांतलं एखादं मिनिट कमी झालं.

आता तीच पारख तिच्या स्वतःच्या गावाच्या कामाला लागली होती. मोठेखार, खाडीकाठचं. गावची भातशेती खाऱ्या पाण्यापासून राखणारा लांबच लांब मातीचा बांध, आणि त्यात लाकडी फळ्या टाकून-उचलून पाणी अडवायची-सोडायची उघाडी. रोह्याच्या ज्या छोट्या कंपनीत मनस्वी होती, तिने बांधावर सहा खांब रोवून प्रत्येकावर एकेक डबी बसवली होती, चार खाडीच्या बाजूला, दोन शेताच्या. डबी खाली पाण्याकडे बघायची, बारीक ‘टक’ असा आवाज करायची, आणि आपल्यापासून पाणी किती सेंटिमीटरवर आहे ते दर पाच मिनिटांनी पाकिटात घालून रोह्याला धाडायची. सहा मीटरपलीकडचं तिला दिसत नसे. समोर काहीच नसलं की ९९९ लिहायची. डब्यांनी पाठवलेलं एका ढिगात, रोह्यात पोचलेलं दुसऱ्या ढिगात. पारख दोन्ही ताडून बघायची.

त्या मंगळवारी नागोठणं आलं तरी लॅपटॉप मिटला नाही.

फरक एक. पाठवलेली पाकिटं एक हजार सातशे अठ्ठावीस, पोचलेली एक हजार सातशे एकोणतीस.

जास्तीच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा नंबर होता सात. आत लिहिलं होतं, ९९९.

२

तिने पहिला संशय स्वतःवर घेतला. दुसऱ्याच्या कामात खोट काढण्याआधी आपलं तपासायचं, ही तिची जुनी सवय. दिवसभर तिने पारखच्या चाचण्या चालवल्या. चारशे बारा. सगळ्या पास. मग कागद-पेन घेऊन एक तासाची पाकिटं हाताने मोजली. पारख म्हणत होती तेच निघालं, आणि भीतीच्या आधी तिला बरं वाटलं. माझी लायब्ररी चुकली नाही.

डब्या बसवल्या होत्या मितेशने. तो तिच्याच कंपनीतला, पलीकडच्या टेबलावर बसणारा.

“सातवी?” तो हसला. “सहाच आल्या होत्या, सहाच लावल्या. सातवीला खूण कुठून येणार?”

प्रत्येक डबीला एक गुप्त खूण दिलेली होती. डब्यांची पाकिटं हवेतून गोळा करून रोह्याला धाडणारा रेडिओ बांधावर होता, आणि ती खूण पाकिटावर नसेल तर तो पाकीट घेतच नसे. मनस्वीने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. पाकिटावर खूण होती, आणि हिशेबात बरोबर बसत होती.

“अशी खूण मी बनवलेली नाही,” मितेश म्हणाला. यावेळी तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सातव्या नंबरची तीन पाकिटं आली, तिसऱ्या दिवशी चाळीस. कुठेतरी मधल्या वाटेवर कुणी आत सरकवत असेल म्हणून मनस्वीने तपासाची जागा मागे मागे नेली. ऑफिसच्या दाराशी बघितलं, तिथे पाकीट आलेलंच. बांधावरच्या रेडिओत बघितलं, तिथेही आलेलं. रेडिओच्या पुढे वायर नव्हती, कंपनी नव्हती, कुणी माणूस नव्हता. नुसती हवा. तिच्या पलीकडे सहा खांब आणि खाडी.

म्हणजे कुणीतरी बांधाच्या अर्ध्या किलोमीटरच्या आतून बोलत होतं.

मजकूर मात्र तोच. ९९९. समोर काही नाही, समोर काही नाही. फक्त सकाळी आठच्या सुमाराला मध्येच दोन-तीन पाकिटांत वेगळे आकडे यायचे, ५४०, ४१०, ५८०, आणि मग पुन्हा ९९९. बगळा असेल, मनस्वीने ठरवलं. नाहीतर एखादी होडी.

३

“गाळून टाक ना,” प्रविण म्हणाला. कंपनी त्याची. माणूस वाईट नव्हता, पण शनिवारी पौर्णिमेच्या उधाणाच्या वेळी जिल्ह्याची माणसं ऑफिसात येणार होती. भरती चढताना मोठेखारच्या डब्या कशा बोलतात ते बघणार, आणि पटलं तर आणखी बारा गावांना हेच बसणार. “नंबर सहाच्या वरचं काही दाखवू नकोस, एवढंच पारखला सांगायचं. एका ओळीचं काम आहे.”

“अर्ध्या ओळीचं आहे,” मनस्वी म्हणाली. “पण करणार नाही.”

“का?”

“पारख आलेलं लपवत नाही. एकदा लपवायला शिकली की तिची मोजदाद काय कामाची? बारा गावं तिच्यावर विसंबून फळ्या टाकणार आहेत. मला कळलं नाही म्हणून आलेलं पाकीट आलंच नाही, असं मी लिहू?”

प्रविणने हात जोडले. “विचारलं कुणी तर उत्तर तू द्यायचंस.”

“देईन.”

जिना उतरताना तिची मान ताठ होती. खाली आल्यावर मात्र ती उगाच थोडा वेळ उभी राहिली.

४

शुक्रवारी दुपारी, ओहोटी लागल्यावर, भर उन्हात ती बांधावर गेली. बरोबर खिशात मावेल असा रिसीव्हर होता. जवळून आलेलं पाकीट तो जोरात ऐकायचा, लांबून आलेलं हळू, आणि आतला आकडा तिच्या फोनवर उमटवायचा.

हिरामण पुढे चालत होता. तीस वर्षं मिठागरात काढलेला माणूस, पावलं अजून तशीच रुंद. आता गावाने उघाडी त्याच्या ताब्यात दिली होती. भरतीला फळ्या टाकायच्या, ओहोटीला उचलायच्या. सकाळी आठला बांधावरून एक फेरी मारायची. हे काम तो एखाद्या देवळाची किल्ली मिळाल्यासारखं करायचा.

“हितनं तितवर बग,” तो काठीने भात दाखवत म्हणाला. दाणा भरत आलेला. “एक रोप करपलेला हाय का सांग. खारं पानी नुसता शिवला असता तरी दिसला असता.”

“नाही दिसत, बाबा.”

“नायच दिसनार.”

मनस्वीने खांब मोजले. सहा. प्रत्येकाखाली उभं राहून कान दिला की टक ऐकू यायचं. रिसीव्हर सातव्याला सगळ्यात जोरात ऐकत होता तो उघाडीपाशी. तिथे खांबच नव्हता. एका बाजूला भात, एका बाजूला चिखल आणि त्यावरून सावकाश सरकणारं पाणी. कांदळवन लांब. वारा पडलेला.

टक.

ती वळली. मागे बांधाची पायवाट, दोघांच्याच पावलांनी दबलेली. सर्वांत जवळचा खांब दीडशे पावलांवर होता. तिथला आवाज इथवर येण्यासारखा नव्हता.

“बाबा, काही ऐकलंत?”

“काय?”

“काही नाही.”

खेकडा असेल. चिखल सुकताना बारीक बुडबुडे फुटतात, तेही असेल. तिच्याजवळ कारणं पुष्कळ होती आणि प्रत्येक कारण चांगलं होतं. दोघं उघाडीच्या दगडावर बसून भाकरी खात होते तेव्हा सातवी, पाच मिनिटं न थांबता, लिहीत होती ३८८, ३८८. हिरामण हात धुवायला उठून चार पावलं गेला. ४९५. परत येऊन बसला. ३८८.

मनस्वी जागची हलली नव्हती. तिने घास तोंडात तसाच धरला आणि बापाकडे बघितलं. तो उन्हाने डोळे बारीक करून आपलं भात बघत होता.

५

शनिवारी ऑफिसात खुर्च्या कमी पडल्या. मोठ्या पडद्यावर सात रेषा होत्या. भरतीसाठी डब्यांना दर दहा सेकंदांनी बोलायला सांगितलं होतं. खाडीकडच्या चार रेषा चढणारं पाणी दाखवत होत्या, शेताकडच्या दोन जागच्या जागी होत्या. सातवी वर सपाट, ९९९ वर.

“हा सातवा कोण?” पहिल्या रांगेतल्या बाईंनी विचारलं.

प्रविणने मनस्वीकडे बघितलं.

“माहीत नाही,” मनस्वी म्हणाली. “ते पाकीट कुठून येतं ते मला अजून सापडलेलं नाही. पण ते आलेलं आहे, म्हणून दाखवलंय. कुठलंही पाकीट आम्ही आमच्या सोयीने गाळत नाही.”

बाईंनी मान डोलावली आणि वहीत काही लिहिलं. मनस्वीला वाटलं, आपण जिंकलो.

बारा वाजून दहा मिनिटांनी सातवी रेषा खाली यायला लागली. ५६०. ५१२. ४३०.

मनस्वी लॅपटॉप उचलून बाहेर जिन्यात आली आणि तिने फोन लावला.

“बाबा, कुठं आहात?”

“उघाडीवर. आन कुठं असनार? दोन फळ्या बसल्या, तिसरी अडकलीय.” मागून पाण्याचा आवाज येत होता, घशात गुळणी धरल्यासारखा.

“बाबा, जरा चार पावलं मागं या.”

“कशाला गो?”

“या ना.”

४२५ चं ५३० झालं.

“आता परत जागेवर जा. आणि जरा उभे राहा, हलू नका.”

४२५. तिने श्वास सोडला. म्हणजे ती जे काही आहे ती एका जागी आहे आणि बाबांना बघते आहे, बस्स. याला काहीतरी कारण असणार.

४०१.

३६६.

“बाबा, चालू नका.”

“चालतोय कुठं? तूच सांगितलंस म्हनून खांबासारखा उभा हाय.”

३१०. २७२.

“तिथं अजून कोण आहे?”

“कोन नाय.” तो थांबला. मान वळवून बघत असावा. “कोन नाय गो. पानी हाय.”

“उतरा बांधावरून. आत्ताच्या आत्ता.”

“फळी बसल्याबिगर?”

“राहू द्या फळी!”

मग हिरामण बोलला, तो समजुतीने, लहानपणी तिला खाजणाच्या चिखलातून खांद्यावर नेताना बोलायचा तसा. “मनू, माज्या हाताखाली ह्या उघाडीतनं थेंबभर खारं पानी आत गेलेला नाय. आज जिल्ह्याची मानसं तुजा काम बगायला बसलीत, आन आज मी पाट फिरवू? तू तुजा बग. मी माजा बगतो.”

त्याने फोन दगडावर ठेवला. लाकडावर मोगरीचे घाव ऐकू यायला लागले. घाव, मग त्याचा श्वास, मग घाव. जिन्याच्या पायरीवर बसून मनस्वी आकडे बघत राहिली. २०५. १६०. ११८. ओरडून उपयोग नव्हता, त्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसतं. ८०. ५२.

३५.

३५.

३५ वर येऊन ते थांबलं. घाव चालूच होते. आणि ते एका माणसाच्या पाठीमागे, पस्तीस सेंटिमीटरवर. म्हणजे हातभरसुद्धा नाही.

“बसली!” हिरामणची आरोळी आली. “ऐकलंस काय? बसली!”

आत टाळ्या वाजल्या. पडद्यावर बाहेरचं पाणी बांधाच्या माथ्याला टेकत होतं आणि आतल्या बाजूच्या दोन डब्यांच्या रेषा जागच्या हलल्या नव्हत्या. शेत कोरडं राहिलं होतं. प्रविण जिन्यात आला, तिचा हात धरून हलवत म्हणाला, “बारा नाही, चौदा गावं मागतायत!” मनस्वी हसली. तिला खरंच अभिमान वाटला, बापाचा आणि आपलाही. आणि हसता हसता तिची नजर लॅपटॉपवर गेली.

हिरामण आता बांध उतरून घराकडे चालला असणार. आकडा बदलायला हवा होता.

३५. ३५. ३५.

फक्त पाकिटांचा जोर कमी कमी होत होता, रेडिओपासून कुणी लांब जावं तसा. एक वाजून वीस मिनिटांनी शेवटचं पाकीट अगदी पुसट आलं. त्यातही पस्तीसच होते.

६

तिने लगेच पारख चालवली. सहा डब्यांचं पाठवलेलं आणि पोचलेलं, अक्षराला अक्षर जुळत होतं. तिने पुन्हा चालवली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच तिने आपल्याच लायब्ररीत चूक निघावी म्हणून इतकं शोधलं, आणि चूक निघाली नाही.

मितेशने काही न विचारता बाइक काढली. नागोठण्यापुढे ट्रक होते, कासूपाशी रस्ता खणलेला होता. मनस्वीने दोनदा घरी फोन केला, दोन्ही वेळा आईने उचलला. “जेवले. बसलेत बाहेर. आज काय बोलायचे थांबत नायत,” ती म्हणाली.

मोठेखारच्या वेशीवर तिच्या खिशातल्या रिसीव्हरने पहिलं पाकीट धरलं. फोनच्या पडद्यावर सात नंबर उमटला, पुसट. शाळा मागे पडली तसा जोर वाढला. घराच्या अंगणात बाइक थांबली तेव्हा जोर पुरा झाला होता.

चारचं ऊन अंगणात तिरपं पडलेलं. हिरामण मधोमध स्टुलावर बसला होता, पुढ्यात शेजारचे महिपतीकाका आणि आणखी पाच-सहा माणसं खाली बसून चहा पीत ऐकत होती. पाठीमागे काही नव्हतं. अंगण, आणि मग बऱ्याच अंतरावर भिंत.

“ही आली माजी मनू!” हिरामणचा आवाज अंगणभर झाला. “हिनं लिहिलेला त्या रोह्याच्या पडद्यावर चालत होता, आन हिकडं मी. बाप-लेकीनं मिलून दर्या अडवला म्हना!”

“चहा घे गो,” आई म्हणाली, आणि मग हळू आवाजात, “ह्यांना सांग जरा. दोनदा सदरा बदलला. पाटच सुकत नाय.”

मनस्वीने बघितलं. कोरड्या, धुतलेल्या सदऱ्यावर पाठीच्या मधोमध ओल उतरली होती, खांद्यांपासून खाली, उभी.

ती जाऊन बापाच्या मागे, थोडी बाजूला उभी राहिली. फोन मुठीत होता. दिसत काही नव्हतं. हिरामणची सावली अंगणात लांब पडली होती, आणि तिच्याशेजारी तिची स्वतःची. तिसरी नव्हती. तिने दोनदा बघितलं. वास मात्र येत होता, ओहोटीच्या चिखलाचा, आणि खाडी इथून मैलभर लांब होती.

३५.

“तिसरी फळी काय बसंना,” हिरामण सांगत होता. “मी म्हनलं, बसनार नाय म्हंजे काय?”

३५.

३३.

मनस्वीने डोळे मिटून उघडले.

३०.

बापाला आत्ता उठवून कुठे न्यायचं? बांधावरून घरापर्यंत ते बरोबर आलं होतं. घरातून आणखी कुठेही येईल. आणि त्या पाच-सहा माणसांपुढे हिरामणचा चेहरा असा उजळला होता, की तीस वर्षांत तिने तो तसा बघितला नव्हता.

२६.

तिने हात पुढे केला. बापाच्या पाठीला आपल्या हाताची मागची बाजू टेकवली, आणि तळहात बाहेर, मोकळ्या हवेकडे वळवून तो हळूहळू मागे नेला. फोनवर आकडे उतरत गेले. १९. ११. ४.

०.

तळहाताला ओलं लागलं. थंड नव्हतं. उन्हात तापलेल्या डबक्यातलं पाणी असतं तसं कोमट, आणि त्याला वजन होतं. कुणी दमून भिंतीला टेकावं तसं ते तिच्या हाताला टेकलं, आणि मग थोडं आणखी टेकलं.

तिचं मनगट वाकलं. तिने पाय रुंद केले, बांधावर बाप उभा राहायचा तसे, आणि कोपर बरगडीला घट्ट लावलं.

“काय गो?” हिरामणने मान न वळवता विचारलं. “पाटीला काय झाला?”

“काही नाही, बाबा.” तिचा आवाज सरळ निघाला याचं तिलाच नवल वाटलं. “तुम्ही सांगा ना पुढं. मग कशी बसवलीत?”

“कशी म्हंजे?” हिरामणने दोन्ही हात वर केले, मोगरी धरल्यासारखे. महिपतीकाका चहाचा कप खाली ठेवून पुढे सरसावले. फोनवर शून्य होतं, त्याच्यामागून आणखी एक शून्य आलं, आणि मनस्वीने हात काढला नाही.